तांदळातलं नाव

माझा मुलगा रॉटरडॅमला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न आम्ही शिर्डीजवळच्या बेलापूरला, आमच्या घरीच केलं. मुलगी तिकडचीच, पण तिचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचं, पूर्वीच्या डच वसाहतीतलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे आमचं दोघींचं बोलणं थेट व्हायचं.

शिर्डीच्या विमानतळावरून त्यांना आणताना आमची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे बराच वेळ रखडली. ती खिडकीतून एकटक बघत होती.

"आमची माणसं हेच तोडायची," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिच्या पूर्वजांना डचांनी आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलं आणि सुरिनाममधल्या उसाच्या मळ्यावर विकलं. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी आणखी दहा वर्षं त्यांना मळ्यांवरच राबावं लागलं. गुलामांना आडनावं नव्हती. सुटका करताना ती देणं भाग पडलं, तेव्हा मालकाच्याच नावाची अक्षरं उलटी करून तिच्या घराण्याला दिली.

"अजून तेच लावता?"

"हो. बदलायची सोय आहे आता. पण बाबा म्हणतात, बदलून घ्यायचं कोणतं? त्याआधी आपण कोण होतो, ते कुठे ठाऊक आहे?"

तेवढ्यात ट्रॉल्यांनी वाट दिली आणि गाडी पुढे निघाली.

लग्न लागलं. गृहप्रवेशानंतर देवघरासमोर पाट मांडले, ताटात तांदूळ पसरले. आमच्याकडे नवरा सोन्याच्या अंगठीने तांदळात बायकोचं नवीन नाव लिहितो. माझ्या थोरल्या नणंदेने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. छान, सोपं, देवीचं नाव. मला ते आदल्या दिवशी कळलं होतं. मुलाच्या कानावर घालायला हवं, असं वाटत असतानाच पाहुणे आले आणि ते राहून गेलं.

बायकांनी खोली भरली होती. दारातसुद्धा उभं राहायला जागा नव्हती. काय चाललंय ते मुलाने तिला हळूच सांगितलं. तिने साडीचा पदर घट्ट धरला. उठून जायला वाट नव्हती आणि बसून राहणं तिला जमत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, माझं नाव माझ्या आईने ठेवलंय. आमच्या घरात एवढंच आम्ही स्वतः ठेवतो."

मी ते मराठीत सांगितलं. नणंद म्हणाल्या, "अगं, रीत आहे ती. आम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नव्हतं विचारलं, वन्सं. म्हणूनच हिला विचारू या."

मी बोलून गेले. चाळीस वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. एकीकडे त्या, दुसरीकडे ही मुलगी, आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मुलगा अंगठी हातात धरून तसाच बसला होता.

शेवटी मीच म्हटलं, "तिचंच नाव लिही."

त्याने देवनागरीत तिचं नाव लिहिलं. नणंद उठून आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अजूनही फोनवर त्या हिला "सूनबाई" म्हणतात, नाव घेत नाहीत.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तिने विचारलं, "तुमचं आधीचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. तिने ते दोनदा, नीट उच्चार करून म्हटलं. तिच्या लोकांनी भोगलं त्याच्याशी माझी बरोबरी नाही, हे मला कळतं. पण मला वाटलं होतं, हाक ऐकून काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटलं, आणि ओ द्यायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

आडनावाचं तिचं अजून ठरलेलं नाही. आमचं लावायलाही ती तयार नाही. मीही तिला विचारत नाही.