आमचे भावी तहसीलदार

या जगात सगळ्यात जास्त प्रश्न अंगावर घेऊन सगळ्यात कमी उत्तरं देणारा माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या मेहुण्याकडे बोट दाखवीन. तो पनवेलच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणं हीच त्याची नोकरी. शिवाय कित्येक वर्षं तो राज्यसेवेच्या परीक्षेला बसत आला, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणं हाच त्याचा उरलेल्या वेळातलाही उद्योग. असं असून त्याने कोणाला सरळ उत्तर दिल्याचं परवापर्यंत माझ्या पाहण्यात नव्हतं. याला कारण परीक्षेतली एक अट. उत्तर चुकलं तर गुण कापतात, उत्तर दिलंच नाही तर कापत नाहीत. इतर मुलं ही अट हॉलमधून बाहेर पडताना तिथेच बाकावर सोडून येतात. हा ती घरी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवरही घेऊन गेला.

एकदा मी त्याला डबा द्यायला स्टँडवर गेलो होतो. खिडकीसमोर उरणकडची एक मावशी मासळीची रिकामी टोपली काखेत धरून उभी होती. "दादा, उरनची गाडी कदी हाय?" तिने विचारलं. हा म्हणाला, "वेळ साडेअकराची आहे, मावशी." "ते मला पन ठावं हाय. येल कदी?" "ते सांगता येत नाही." "अरं, अंदाज तं सांगशील?" "अंदाजाने मी काही सांगत नाही. चुकलं तर?" मावशीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीत गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "मंग तुला हितं वारा खायला बसवलाय काय?" असं म्हणून ती शेजारच्या रसवंतीवाल्याला विचारायला गेली. तो म्हणाला, "येईल पाच मिनटात." गाडी काही पाच मिनिटांत आली नाही, पण मावशीचं समाधान झालं आणि तिने त्याच्याकडे एक ग्लास रस घेतला. मी मेहुण्याला समजावलं, "अरे, पाच मिनिटांत येईल असं म्हणावं. लोकांना बरं वाटतं." त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी कॉपी करताना सापडल्यासारखं. "भावोजी," तो शांतपणे म्हणाला, "बरं वाटावं म्हणून बोलू नये."

हे त्याने मलाच सांगायला हवं होतं. कारण मी एकदा तसा बोललो होतो.

त्याच्या हळदीची गोष्ट. आमच्या आगरी लोकांत लग्नाला माणूस एकवेळ चुकतो, हळदीला चुकत नाही. मांडवात एक माइकवाला असतो. कोणी पाहुणा आत शिरला की तो त्याचं नाव, गाव आणि मोठेपण पुकारतो. मग पाहुण्याला शाल-नारळ देतात, आणि शाल घेतली की दोन शब्द बोलावे लागतात. मी जावई, तेव्हा माझा मान पहिला. आता, शाल अंगावर आणि माइक हातात असला की माणूस बोलत नसतो, शालच बोलते. मी बोललो, "आमचा मेहुणा फार हुशार आहे. एक दिवस तो तहसीलदार होणार." तहसीलदारच का, तर त्या दिवशी सकाळी मी एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगेत उभा होतो, एवढंच. माइकवाल्याने तो शब्द वरच्या वर झेलला. "भावी तहसीलदार! टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या, ब्रास बँडवाल्यांनी एक तुकडा वाजवला, आणि हळदीने पिवळा झालेला माझा मेहुणा पाटावरून माझ्याकडे अशा काही नजरेने बघत राहिला, की मला वाटलं त्याच्या डोळ्यांत हळद गेली असावी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली. तोवर तो त्या खिडकीत अगदी सुखात होता. निदान मला तसं वाटतं. हेही मी आता अंदाजानेच सांगतो आहे.

त्यानंतर विचुंब्यात, म्हणजे त्याच्या गावात, त्याचं पाळण्यातलं नाव कोणी घेतलं नाही. तो 'भावी' झाला. "भावी आले का?", "भावींना वाढ", "भावींची गाडी पंक्चर हाय." त्याच्या वाढदिवसाला मंडळाची पोरं नाक्यावर फ्लेक्स लावत. दर वर्षी फोटो तोच, लग्नातल्या कोटातला, कारण दुसरा कोट त्याच्याकडे नव्हता, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'भावी तहसीलदार'. वाढदिवस झाला की तो फ्लेक्स त्याच्या घरी येई आणि मागच्या अंगणात सरपणावर झाकण म्हणून पडे. काही वर्षांनी अशी स्थिती झाली की त्या अंगणात जिकडे पाहावं तिकडे कोटातला मेहुणा: एक सरपणावर, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर, आणि एक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला गुंडाळलेला. गावातली मंडळी सातबारा आणि शहरात गेलेल्या जमिनीबद्दल मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे कागद घेऊन त्याच्याकडे येत. "मी अजून झालो नाही काका," हा सांगे. "आमाला ठावं हाय. पन झालास का इसरू नको," असं बजावून ते चहा पिऊन जात. न झालेल्या पदाचं काम त्याच्याइतकं कोणी केलं नसेल.

अभ्यास तो कुठेही करी. हंगामात रोज कुणाची ना कुणाची हळद, आज ओव्याला तर उद्या बेलपाड्याला, आणि न जावं तर ती माणसं आयुष्यभर बोलणार नाहीत. तेव्हा हा कानांत कापसाचे बोळे घालून मांडवामागे जनरेटरजवळ बसे, कारण उजेड तिथेच चांगला. पुढे पोरं नाचताहेत, जमीन हादरते आहे, आणि मागे हा राज्यपालांचे अधिकार पाठ करतो आहे. एकदा नवरदेवाच्या चुलत्याने त्याला तिथे पाहून घाईघाईने शंभराची नोट काढून दिली. त्याला वाटलं, हा जनरेटरवाला. मेहुण्याने नोट परत केली, पण आपण कोण हे मात्र सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "काय सांगणार? जनरेटरवाला नाही हे नक्की. पुढचं नक्की नव्हतं."

घरातही हीच तऱ्हा. एका सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्याच्या बायकोने पिशवी हातात घेऊन विचारलं, "अवो, आज काय आणू बाजारातून?" हा पुस्तकातून डोकं न काढता म्हणाला, "पर्याय सांग." "वांगी, भेंडी, नायतर बोंबील." "चौथा?" "चौथा माझं डोकं!" "मग चौथा बाद," हा गंभीरपणे म्हणाला, "आता तीन राहिले." एकेक पर्याय बाद करत तो शेवटी बोंबलांपाशी आला, तोवर बाजारात बोंबीलच राहिले नव्हते. बिचारीने त्या दिवशी पिठलं केलं. पर्यायात नसलेलं पिठलं समोर आलेलं पाहून तो इतका गोंधळला, की बराच वेळ भाकरी हातात धरून बसला. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्या संध्याकाळी मला म्हणाली, "तुमीच त्याला घोड्यावर बसवलात, आता तुमीच उतरवा." मी कबूल केलं. पण ज्या घोड्याला अख्खं गाव हार घालून गेलं आहे, त्यावरून माणसाला उतरवावं कसं, हे मला सुचेना. आणि उतरायचं का, असं त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पर्याय सांगा.

परीक्षेची वयोमर्यादा संपायला एक वर्ष राहिलं आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली, तो पूर्वपरीक्षा पास झाला. आधी कधीच झाला नव्हता, त्यामुळे नाक्यावर बेताचा नव्हे, चांगला दुमजली फ्लेक्स लागला. दुसरी, मुख्य परीक्षा बदलली. आता गोल काळे करायचे नव्हते. आता लिहायचं होतं, सविस्तर, आपल्या शब्दांत. तो रविवारी सकाळी माझ्या नवीन पनवेलच्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा गाडी चुकलेल्या प्रवाशासारखा होता. "भावोजी, मत मांडा असं विचारतात," तो म्हणाला. "मग मांड की." "पण माझं मत काय आहे, हे मला कसं कळणार? पर्यायच दिलेले नाहीत." मी शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क. माझं स्वतःचं मत मी शेवटचं कधी मांडलं होतं, तर त्याच्या हळदीत, आणि त्याचं काय झालं ते समोरच बसलेलं होतं. तरीही आम्ही दर रविवारी बसू लागलो. मी विषय दिला, वाढत्या शहरांचा गावांवर होणारा परिणाम. त्याने लिहिलं, 'वाढत्या शहरांचे गावांवर चार परिणाम होतात,' आणि पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "अरे, तू विचुंब्याचा. पुस्तक सोड. या खिडकीतून तुझ्या गावाकडे जे दिसतं ते लिही." तो बराच वेळ बाहेर बघत बसला. मग त्याने एक ओळ लिहिली: 'जिथे आमची भाताची खाचरं होती, तिथे आता सातव्या मजल्यावर माणसं राहतात आणि त्यांना खाली काय होतं हे विचारावंसं वाटत नाही.' मी ती दोनदा वाचली. मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ती वाचून दाखवली. ती पदराला हात पुसत म्हणाली, "ही यानं लिवलीय?" आम्ही दोघे वळून बघतो तर हा रेघ मारून ती ओळ खोडत होता. "अरे, हे काय?" "याला मार्क मिळतील याची खात्री नाही."

परीक्षा झाली. तो पेपर देऊन आल्यावर मी पहिलं हेच विचारलं, "ती ओळ लिहिलीस का?" तो म्हणाला, "तसा प्रश्न आला होता." "मग?" "सांगता येत नाही, भावोजी." आता, स्वतः काय लिहिलं ते सांगता न येण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पुढे यादी लागली. तीत त्याचं नाव नव्हतं. वय संपलं. त्या वर्षी वाढदिवसाला नाक्यावर फ्लेक्स लागला नाही, आणि त्याच्या बायकोने सरपणावर झाकायला बाजारातून साधी निळी ताडपत्री आणली.

त्यानंतर लवकरच माझ्या मुलीची हळद आली. नवरीचा मामा म्हणून मांडवात त्याचा मान सगळ्यात मोठा. तो आत शिरला तसा माइकवाला, तोच जुना, आता केस पांढरे झालेला, सवयीने सुरू झाला, "आताच आपल्या मांडवात आगमन झालंय नवरीच्या मामांचं! विचुंबे गावची शान, भावी..." आणि थांबला. भावीच्या पुढे काय म्हणायचं? बँडवाल्यांनी वाजवायला उचललेली वाद्यं तशीच धरून ठेवली. सगळा मांडव माझ्या मेहुण्याकडे बघत होता, आणि मी हातात नारळ घेऊन जमिनीकडे. तो शब्द माझा होता. तो परत घेण्याची हीच वेळ होती, पण मी नारळाची शेंडी चाचपत तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात तो चालत पुढे गेला, त्याने माइकवाल्याच्या हातातून माइक अलगद घेतला, आणि स्टँडवर घोषणा करताना काढतो तो खास आवाज काढून म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विचुंबे ते तहसील कचेरी, ही विनाथांबा गाडी रद्द करण्यात आलेली आहे. ज्यांनी ज्यांनी वाट पाहिली, त्यांचे आभार. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

क्षणभर कोणाला काही समजेना. मग म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा मांडवच असा हसला की बँडवाल्यांना सुरुवात कधी करायची ते कळेना. बायको एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. मी त्याच्या अंगावर शाल घातली. म्हटलं, "मला माफ कर." तो म्हणाला, "कशाबद्दल?" मी सांगितलं. "तुम्ही बोललात म्हणून मी अभ्यास केला, की मला करायचाच होता आणि तुम्ही फक्त बोललात," तो म्हणाला, "यातलं बरोबर उत्तर मला अजून सापडलेलं नाही." आणि भाचीला हळद लावायला गेला.

परवा सहज स्टँडवरून जात होतो. खिडकीसमोर पाच-सहा जण होते आणि हा एकेकाला धडाधड उत्तरं देत होता. "पेण? आलीच. कर्जत? पाच मिनिटं. बसा काकू, बसा." मी चकित होऊन उभा राहिलो. पेण आली नाही, कर्जत तर मुळीच आली नाही, पण कोणी चिडलेलं दिसत नव्हतं. रांग सरली तसा मी पुढे झालो. त्याने मान वर केली नाही. मी आवाज बदलून विचारलं, "अलिबागची कधी येईल हो?"

"येईल आता," तो म्हणाला. मग त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि हसला. "नक्की येईल, भावोजी. बसा."

मला अलिबागला जायचं नव्हतं. तरी बाकावर जाऊन बसलो.