आईची वीत

वडील चाकणला कंत्राटावर होते. सात महिने काम झालं की ब्रेक, महिनाभराने पुन्हा बोलावणं, असं नऊ वर्षं चाललं. मग एका ब्रेकनंतर बोलावणं आलंच नाही. तरी ते रोज सकाळी डबा घेऊन कासारवाडीच्या स्टॉपवर कंपनीच्या बसला जायचे. ड्रायव्हर ओळखीचा. "काका, यादीत नाव नाही ओ," म्हणायचा. तोच डबा दुपारी आम्ही तिघं घरात बसून खायचो.

मी बी.एस्सी. झालेली, आमच्या घराण्यातली पहिली. आकुर्डीच्या कॉलेजात माझा प्रोजेक्ट वर्गात सगळ्यात चांगला ठरला होता. शाळेच्या पुस्तकावर फोन धरला की चित्रातलं हृदय पानावर उभं राहून धडधडायचं, मुलांनी त्याला फिरवून बघायचं. परीक्षकांनी शाबासकी दिली. नोकरी कुणी दिली नाही. मुलाखती देऊन देऊन एकुलता एक चांगला ड्रेस विटला.

घर आईच्या गोधड्यांवर चाललं होतं. परभणीहून येताना तिने सुया आणल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना शिवून द्यायची. मी एका मोठ्या साइटवर ऑनलाइन दुकान उघडलं आणि माझी विद्या त्यात घातली. गिऱ्हाइकाने आपल्या पलंगावर फोन धरायचा, की आमची गोधडी तिथे अंथरलेली दिसायची. आवडली तर मागवायची, मग आई तशी शिवून द्यायची.

वडील म्हणाले, "फोनातच अंथरायलेत, तर पांघरतील बी फोनातच."

पण ऑर्डरी आल्या, आणि मागोमाग गोधड्या परत यायला लागल्या. प्रत्येकीवर कारण एकच: दाखवली त्यापेक्षा लहान. आई पाकीट फोडून गोधडी मांडीवर घ्यायची आणि टाके बघायची, एक न एक. टाक्यात खोट नसायची. अकरावी परत आली त्या दिवशी साइटवाल्यांचा मेसेज आला, आणखी एक परत आली तर तुमचं दुकान बंद करू.

त्या वेळी तीन गोधड्या वाटेत होत्या.

मी आईवर घसरले. "तू दोरा ओढून शिवतेस. आकसते ती."

"चाळीस वर्षं शिवायले मी. कुणाची आकसली न्हाई."

"मग लोक खोटं बोलतात?"

"शिकलेली तू हायेस. तूच सांग."

वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "भांडू नका गं. एक तरी काम चालू राहू द्या घरात."

चूक तिचीच, असं मी मनात धरलं होतं. मी ग्रॅज्युएट, माझं गणित कसं चुकेल? वाटेतल्या तीन ऑर्डरी मी रद्द करायला गेले, त्या होईनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "तू लोकांना काय दाखवतीस ते मला एकदा दाखव."

इतक्या महिन्यांत मी तिला ते दाखवलंच नव्हतं. फोन फरशीवर धरला. निळी गोधडी अंथरली गेली, भिंतीपासून पार चुलीच्या ओट्यापर्यंत. आई बघत राहिली. मग मांडणीवरून दोन वाट्या काढल्या. "हिच्या दोन्ही टोकांवर ठेवायला लाव मला."

मी स्क्रीनवर बघून सांगत गेले, थोडं मागं, थोडं डावीकडं. वाट्या बसल्या. मग ती गुडघ्यांवर बसली आणि अंगठा, करंगळी ताणून एका वाटीपासून दुसऱ्या वाटीकडे निघाली. तोंडाने मोजत.

"बारा."

"काय बारा?"

"बारा विती भरल्या. मी तुला सांगितल्या दहा. मी दहाचीच शिवते. ही माझी गोधडी न्हाई."

मग मला कळलं. तिने सांगितलेल्या दहा विती मी इंचांत बसवल्या होत्या. शाळेत शिकवलेलं, वीत म्हणजे नऊ इंच. नव्वद. तिच्या हाताला मी टेप लावला. साडेसात. ब्लाउजच्या मापाचा टेप मांडणीच्या खिळ्याला कायमच टांगलेला होता. मी तो एकदाही उचलला नव्हता.

"माझा हात लहानच हाय की," आई म्हणाली. मला तिचा राग हवा होता. तिने नुसता तळवा पदराला पुसला.

त्याच दुपारी तिन्ही गिऱ्हाइकांना फोन केले. चूक माझी आहे, गोधडी लहान भरेल, वापरून बघा, नको असेल तर मोठी शिवून देते, फक्त दुकानाकडे परत पाठवू नका, असं सांगितलं. एक बाई फोनवर बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं. त्या तिन्ही गोधड्या आल्या नाहीत परत. दोघींना आईने मोठ्या शिवून दिल्या. तिसरीने बाळासाठी ठेवून घेतली.

दुकानावरची मापं मी टेपने घेऊन बदलली. आईला पलंगाच्या मापाची शिवायला शिकायचं होतं, म्हणून मी फोन फरशीवर धरून त्या मापाचा चौकोन दाखवायचे आणि ती खडूने कडेने रेघ ओढायची. महिन्याभरात तिला फोनची गरज लागेना.

वडिलांना कंपनीने घेतलं नाही. ते आता गोधड्यांची पाकिटं करतात. मापं बदलल्यापासून दुकानाकडे एकही गोधडी परत आली नाही. दुकान चालू आहे, आणि त्यावरची मापं आई स्वतः लिहिते, इंचांत.