वसंत-खरं, वसंत-शंका

माझा जुना मित्र मोहन गेल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी भाईंदरच्या बाजारात दुधी निवडत होतो, आणि सगळ्यात आधी काय केलं असेल तर त्या निरोपावर शंका घेतली. माणूस असा चालू, की स्वतःच्या नावाने असला निरोप पाठवून कोण कोण धावत येतंय ते बघायलाही त्याने कमी केलं नसतं. शिवाय गेल्या तीस वर्षांत मी इतक्या खोट्या बातम्या उठवल्यात, की ही माझीच कुठलीतरी फिरून परत आली असं वाटलं. उलट फोन लावला. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी उचलला आणि एवढंच म्हणाल्या, "भावोजी, या..." दुधी तिथेच राहिला. त्याला आता सहा आठवडे झाले.

नया नगरात मोहनचं टायपिंगचं दुकान होतं. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर टाकून यायचा. भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा, सोसायट्यांच्या नोटिसा असं सगळं तिथे टाइप व्हायचं, आणि प्रत्येकावर मोहनचा संशय. "भाईजान, पहले पूरा पढ़ो, फिर साइन करो. बाद में बोलना नहीं की मैंने कुछ बदला." समोरचा वैतागून म्हणायचा, "अरे मोहनभाई, मेरा ही नाम है, उसमें क्या पढ़ना?" तरी मोहन वाचायला लावायचाच. आपल्या कॉम्प्युटरवरसुद्धा त्याचा विश्वास नव्हता. अक्षराचा आकार, जाडी, ओळींमधलं अंतर हे सगळं एका नावाखाली बांधून ठेवतात, त्याला स्टाइल म्हणतात. ते नाव परिच्छेदाला दिलं की परिच्छेद तसा दिसायला लागतो. कॉम्प्युटरबरोबर 'नॉर्मल' नावाची एक स्टाइल आयतीच येते. मोहन तिला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपायचा. तिची नक्कल काढायची, नकलेला गिऱ्हाइकाचं नाव द्यायचं आणि काय ती कापाकापी तिच्यावर. नॉर्मलमध्ये एक ओळही ठेवायचा नाही. "नॉर्मलमधला मजकूर म्हणजे बेवारस," म्हणायचा. "कोणी जबाबदारी घेतली नाय त्याची."

हा धडा मला माझ्याच पुस्तकावर मिळाला. निवृत्तीनंतर मी आठवणी लिहायला घेतल्या आणि टाइप करायला अर्थातच मोहन. एकदा तो चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा मी हळूच माउस धरला. माझ्या पराक्रमांचं प्रकरण जरा ठसठशीत दिसावं, एवढाच हेतू. नक्कल न काढता मी थेट नॉर्मल मोठी केली. बाकी सगळ्या स्टाइल तिच्यावरच बेतलेल्या. सगळ्या एकदम फुगल्या. दीडशे पानांचं पुस्तक नऊशे पानांचं झालं, अनुक्रमणिकाच नया नगरातून निघून पार जंगलाकडच्या चेणे गावापर्यंत पोचली असती. मोहनने चहाचा ग्लास ठेवला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वश्या, तू कशालाच मूळ होतं तसं ठेवत नायस ना?"

त्यानंतर त्याने मला माउसला हात लावू दिला नाही. पण एके दिवशी मला यादी दिसली. वसंत-एक, वसंत-दोन असं काही असेल असं मी धरून चाललो होतो. तिथे होतं: वसंत-खरं, वसंत-थोडं खरं, वसंत-शंका. छापील कागदावर तिन्ही सारख्याच, तोच आकार, तीच जाडी. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "माझी सोय." आणि पडद्यावरची ती यादी बंद केली. म्हणजे हा गृहस्थ माझा एकेक परिच्छेद तपासून खाली शिक्का मारत होता! चेण्याला बिबळ्या माझ्या बशीतला चहा पिऊन गेला, त्यावर त्याने काय मारलं असेल याची मला पर्वा नव्हती. मला एकाच परिच्छेदाची धास्ती होती.

सहा वर्षांपूर्वी मोहनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. "वश्या, सुमन एकटी पडेल, तू ये," असं त्याने माझा हात धरून सांगितलं होतं. मी नंतर त्याला सांगितलं, आणि पुढे पुस्तकातही लिहिलं, की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या गेटवर बसून होतो, वॉचमन वर सोडेना. मोहन ऐकून "बरं" म्हणाला होता. तो "बरं" मी सहा वर्षं उलटा-सुलटा करून बघतोय. त्याला कळलं होतं का?

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. दुकान रिकामं केलंय, कॉम्प्युटर घरी आणलाय, तुमची फाइल घेऊन जा. हे बोलावणंही मला सरळ वाटलं नाही. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडलेला, बाजूला वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. मी फाइल उघडली आणि एकेका परिच्छेदावर जाऊन स्टाइलचं नाव बघत गेलो. बिबळ्या: शंका. पहिली नोकरी: खरं. माझ्या लग्नातली मारामारी: थोडं खरं, आणि हे माझ्या मते अन्यायाचं होतं. मग ऑपरेशन. कर्सर नेऊन ठेवला... नॉर्मल.

दीडशे पानांत तेवढा एकच परिच्छेद नॉर्मलमध्ये. मोहन विसरला असेल, हे मी स्वतःलाही पटवू शकलो नाही, आणि मला स्वतःला काय काय पटवता येतं हे वाचकांना एव्हाना कळलं असेल.

"सापडलं?" वहिनींनी तांदळातून मान वर केली नाही.

"काय सापडायचंय?"

"ते पान हे सारखं उघडायचे. मी म्हटलं, अडलंय काय? तर म्हणाले, वश्या बोलेल तेव्हा नाव देईन."

"वहिनी, मी त्या दिवशी गेटवर नव्हतो."

"माहितीय मला. मीच चार वेळा उतरले होते खाली गेटवर, चहाला."

"त्याला सांगितलंत तुम्ही?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही सांगायचं."

मी तो परिच्छेद पुसला. तिथे लिहिलं, की मोहनची छाती उघडली होती त्या दुपारी मी ऑफिसातल्या जुन्या मंडळींबरोबर चेण्याच्या एका हॉटेलात मटण खात होतो. हॉस्पिटलात जायची भीती वाटत होती. लिहून झालं तेव्हा नवा मजकूरही नॉर्मलमध्येच होता. नाव द्यायला यादी उघडली आणि हात थांबला. हे काम माझं नव्हतं. मी खुर्ची सोडली. वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं.

"मटण कसं होतं?"

"कसलं हो... घास घशाखाली उतरत नव्हता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माउस सरकला. वसंत-थोडं खरं.

"दोनदा रस्सा मागून घेतला होता, वहिनी."

"ते लिहा."

मी उभ्या-उभ्या वाकून ते लिहिलं. त्यांनी परत पहिल्या ओळीपासून वाचलं, अगदी सावकाश, मोहन गिऱ्हाइकांना लावायचा तसं. मग बाण यादीत अगदी वरच्या, पहिल्या नावावर नेला आणि दाबला. पडद्यावर काहीच बदललं नाही, एक अक्षरसुद्धा नाही. वहिनी तांदळाचं ताट घेऊन आत गेल्या आणि आतूनच त्यांनी विचारलं, "जेवून जाणार ना, भावोजी?"