वहीत लिहिलेलं खोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुला सांगतेय, तेही अडखळतच.

पूर्णेच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा माझा राग फार वाढला होता. एकदा दोन वर्षांच्या परीला, माझ्या लेकीला, इतकं जोरात हलवलं की मीच घाबरले. परभणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, राग आला की स्वतःकडे लांबून बघा, दिसेल ते वहीत लिहा. मी लिहू लागले. ‘हात थरथरताहेत. छातीत धडधड.’ खरंच, लिहिता लिहिता राग उतरायचा.

मग वाटायला लागलं — वही कुणीतरी वाचतंय. साड्यांखाली सरळ ठेवलेली, उलटी सापडायची. संशय आला अक्कांवर. अक्का म्हणजे मिस्टरांची मोठी बहीण. विधवा, मूलबाळ नाही, आमच्याकडेच राहायच्या. मी शाळेत शिकवायला गेले की परीला त्याच सांभाळायच्या. मी घरी आले की परी त्यांच्या पदराआड लपायची. हे मी वहीत कधीच का लिहिलं नाही?

एकदा जेवताना हे सहज म्हणाले, "धडधड कमी हाय का आता?"

धडधडीचं मी घरात कुणाला बोलले नव्हते. म्हणजे वाचणारे हेच, अक्का नव्हेत, ते कळलं मला. तरी वही तिथंच ठेवली — कशासाठी?

दुसऱ्या दिवशी लिहिलं : ‘मी शाळेत गेले की अक्का परीला न्हाणीत कोंडतात. शेजारणीनं सांगितलं.’

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कोंडलंही नव्हतं. लिहिताना स्वतःकडे बघितलं — हात अगदी स्थिर होते. तेवढं नोंदवलं नाही.

चार दिवस हे अक्कांशी बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "अक्काला वालूरला नेऊन सोडायलोय, तिच्या दिराकडं." कारण सांगितलं नाही, सांगायचं तर वही वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं. मीही विचारलं नाही.

पिशवी भरताना अक्का म्हणाल्या, "माझं काय चुकलं गं? तुला काई बोललाय का तो?"

"न्हाई," मी म्हणाले. आणि परीला त्यांच्या कडेवरून ओढून घेतलं. ती किंचाळत होती.

सहा वर्षं झाली. अक्का वालूरलाच आहेत, गोठ्याशेजारच्या खोलीत. परीला त्या आठवत नाहीत. आपण लेकीला वाचवलं, असं हे अजून समजतात. मी ते रोज बघते — आणि तसंच राहू देते.