बॉनेटवरचा नारळ

रेझिनचा उग्र वास आला की मला उचगावची आमची शेड आठवते. तिथे वडिलांनी आणि मी दोन वर्षे खपून एका स्पोर्ट्‌स कारची चालवता येणारी प्रतिकृती उभारली होती. पहिल्या फेरीपूर्वी वेल्डिंगवाल्या मामांनी ट्रकच्या लोखंडी बंपरवर फोडावा तसा नारळ थेट मी रेझिनमध्ये फायबरचे थर बसवून घडवलेल्या बॉनेटवर आपटला. नारळ शाबूत राहिला. बॉनेट आरपार फुटले. "आगं पोरी, पापड हाय की ह्यो!" मामा ओरडले. वडिलांनी फुटकी कड चाचपून विचारले, "थर किती दिलेस?" वजन वाचवण्यासाठी तीनऐवजी एकच थर दिल्याचे मी लपवले होते. वेगात ते बॉनेट उखडून समोरच्या काचेवर आदळले असते, आणि स्टिअरिंगवर वडीलच बसणार होते.