चार्ज घेतल्याशिवाय जायचं नाही

आहेर काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी किनवटला माहेरी होते, भावाच्या लग्नाचे तांदूळ निवडत. फोन कॉलनीतल्या लोखंडे बाईंचा. त्या कधी हळू बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "नसीम, आहेर गेले गं. चहा घेतला, पेपर उघडला, आणि…" खरं सांगते, मला रडू यायच्या आधी भीती वाटली. माझा स्वभावच तसा घाबरट. काका नाहीत म्हणजे आता दुपारी कॉलनीच्या हॉलवर कोण येणार? आणि कुणी आलं नाही, तर कॉलनीची कमिटी तिथं जिम करणार, त्यांना ती कधीची करायचीय. किनवट म्हणजे मराठवाड्याचं पार टोक. तिथून नाशिकपर्यंत गाडीत माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन नाशिकला आले, नवरा फरशी बसवायच्या कामावर, आणि मी इंदिरानगरात घरोघरी पोळ्या करायला. आहेर काकांचं घर त्यातलंच एक. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळा जन्म पाळीवर काढलेला माणूस. रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगा बंगलोरला, तरी बोलणं सगळं वीजसंचाचं आणि विजेच्या लोडचं. एका उन्हाळ्यात टोपी घालून भर दुपारी कॉलनीत फिरायला लागले. मला वाटलं, ऊन लागलं डोक्याला. मग एक दिवस पोळपाटाजवळ येऊन म्हणाले, "नसीम, आपली कॉलनी म्हातारी झाली बघ. सकाळी ही माणसं बागेत असतात, संध्याकाळी देवळात. पण दुपारी दोन ते पाच? घरात कोणी नाय, टीव्ही चालू आणि बघणारा भिंतीकडं बघतोय. खरा लोड तेव्हा असतो, आणि आपण योगा ठेवतो सकाळी सहाला!"

कमिटीकडं त्यांनी दुपारचा हॉल मागितला. कमिटी म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू, ज्येष्ठ मंडळी आली तर ठीक, नाहीतर जिम. काकांनी मला चहाला ठेवलं, कॅरम आणला, खुर्च्या मांडल्या, बाहेर मोठा बोर्ड लावला, 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र'. आणि कुणीही आलं नाही. म्हणजे यायचे, पण दारापर्यंत. लोखंडे बाई, ऐंशी पार केलेल्या शाळामास्तरीण, आत डोकावून म्हणाल्या, "छान केलंत हो. म्हातारी माणसं जमली की मला बोलवा, मी त्यांना भजनं शिकवीन." किराणा दुकान मुलावर सोपवलेले बागूल अण्णा काठी टेकत आले, म्हणाले, "बिचाऱ्यांची सोय झाली." कुणाची सोय, ते स्वतः सोडून सगळ्यांची! मी काळजीनं अर्धी झाले, आणि काका? पोट धरून हसले. त्याच दुपारी स्टूल घेऊन बोर्ड उतरवला आणि घरोघरी गेले. "आमच्याकडं माणसं कमी पडतात. एक तास ड्यूटी कराल का?"

दुसऱ्या दिवसापासून हॉल भरला. कुणी कॅरमची ड्यूटी, कुणी पेपर वाचून दाखवायची, बाई भजनाला, अण्णा माझ्या चहावर देखरेखीला. ("पोरी, साखर सांडतेस की घालतेस?") नियम मात्र वीज केंद्राचा. पुढच्या माणसानं येऊन चार्ज घेतल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. शेवटचा चार्ज पाच वाजता काका स्वतः घ्यायचे, "घेतला, जा आता," म्हणायचे आणि दिवे घालवायचे. एकदा माझ्या मुलीला ताप होता, मी गेलेच नाही, तर अख्खा हॉल खोळंबून बसला आणि काका रिक्षा करून आमच्या खोलीवर आले. परक्या गावात आपण पोचलो नाही म्हणून कुणीतरी अडकून पडतं… मला किती बरं वाटलं, ते त्यांना कधी सांगताच आलं नाही.

या नियमाची खरी किंमत कळली ती अण्णांमुळं. तीनला त्यांनी बाईंकडून चार्ज घ्यायचा होता, आले नाहीत. बाईंची मालिका सुरू व्हायची वेळ. पदर खोचून तरातरा त्यांच्या घरी गेल्या, मी मागं. अण्णा मोरीत पडलेले, शुद्धीवर, पण उठता येत नव्हतं. मुलगा रात्रीच घरी येणार होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाई त्यांचा हात धरून भांडत होत्या, "माझा एपिसोड बुडवलात!" आणि अण्णा म्हणत होते, "आधी चार्ज द्या, मग ओरडा."

दिवाळीआधी कमिटीचे तीन जण आले. "लाभार्थी कोण कोण?" काका म्हणाले, "विचारा की." विचारलं, तर जो तो म्हणतो, "मी ड्यूटीवर आहे." कमिटीवाले वैतागले. "अहो, मग म्हातारे कुठायत?" आणि आमची सगळी मंडळी खरोखर माना वळवून शोधायला लागली! आता जिमच, मी मनात म्हटलं. तेवढ्यात लोखंडे बाई पुढं आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "लिहा माझं नाव. आजच्या दिवस मी म्हातारी." त्यांच्या मागून प्लास्टर घातलेला पाय सांभाळत अण्णा, "माझं खाली लिहा, मी त्यांच्यापेक्षा लहान आहे," आणि मग एकेक करत सगळे. हॉल आमच्याकडंच राहिला. काका खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ.

काका गेल्याचं कळल्यावर गावाहून आले ती तडक हॉलवर. दार उघडं, आत सगळे. कॅरम चालू होता, भजनही झालं, थोडं बेसूर. काकांचं नाव कुणी काढत नव्हतं. पाच वाजले. मी कप विसळले, खुर्च्या लावायला घेतल्या, पण कुणी उठेना. अण्णा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. म्हटलं, "अण्णा, वेळ झाली."

"झाली ना. पण शेवटचा चार्ज कोणी घेतलाय अजून?"

बाहेर अंधारायला लागलं होतं. दोघा-तिघांच्या सुना दारात येऊन परत गेल्या. लोखंडे बाईंनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? चहा टाक."

मी दूध तापत ठेवलं.