धुरकटलेला चहा

चहाचा कप हातात देण्याआधी वहिनी तो स्वतःच्या नाकाशी नेई. एकदा हुंगून मग पुढे करी आणि विचारी, "धुरकाटला न्हाई ना वो, भावजी?" धुरकटलेलं दूध, धुरकटलेला चहा म्हणजे आमच्याकडे घरच्या बाईला कमीपणा. मी दर वेळी म्हणायचो, "वहिनी, मला धुरकटलेलाच पाहिजे. केडगावात सगळं मिळतं, एवढं मिळत नाही." ती पदर तोंडाशी धरून हसायची. त्या हसण्याचा शेवट खोकल्यात व्हायचा. तो खोकला मी कित्येक वर्षं ऐकला आणि तिच्या हसण्याचाच भाग समजत राहिलो.

वहिनी म्हणजे अनसूया, माझ्या थोरल्या भावाची बायको. पारनेरजवळच्या आमच्या गावी ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो आणि आई गेलेली होती. मला जेवू घालून मोठं केलं ते वहिनीनं. तिच्या स्वयंपाकघराला एकच झरोका, तोही दादाच्या मागं लागून तिनं पाडून घेतलेला. जळणाला बाभळीच्या काटक्या आणि तुराट्या, पावसाळ्यात त्याही ओल्या. फुंकणी फुंकताना म्हणायची, "बाईनं आदी धूर खायाचा, मंग घरानं भाकर." आणि डोळे पुसत, "रडायचं आसंल ना, तर सयपाकाच्या टायमाला रडावं. कुनी इचारत न्हाई."

मी नगरला केडगावात राहतो आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. गेल्या वर्षी नवं मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. परत जाताना त्यानं मला चहाचा डबा दिला आणि मोबाईलवर भाषांतर करून करून त्या चहाची गोष्ट सांगितली. घरी येऊन झाकण उघडलं. आत आपल्यासारखी भुकटी नव्हती, लांब, काळी, पीळ पडलेली पानं होती. वास थेट वहिनीच्या चुलीचा. बिनदुधाचा करून प्यालो. रंग तांबूस, पहिल्या घोटाला विझलेल्या लाकडाची चव आणि मागून सुक्या मेव्यासारखा हलका गोडवा. येत्या रविवारी हा वहिनीला दाखवायचाच, असं ठरवून टाकलं.

वहिनीनं चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन हुंगली. "भावजी, फसवलं तुमाला. धुरकाटलाय ह्यो."

मी हसायला लागेपर्यंत तिनं सगळा डबा सुपात ओतून सूप अंगणात उन्हात ठेवलंसुद्धा. "दोन उन्हं खाल्ली की वास जाईल. टाकायचा कशाला? कुनाचं तरी कष्ट हाय त्यात."

पायरीवर बसून मी तिला गोष्ट सांगितली. चीनमधलं डोंगरातलं गाव. चहाच्या हंगामात तिथं फौज येऊन राहिली आणि खुडलेला पाला पडून राहिला. फौज हलली तेव्हा तो नासायला आला होता, म्हणून लोकांनी घाईघाईनं पाईनच्या चिकट लाकडांचा जाळ करून त्यावर वाळवला. चहाला धूर लागला. गावात कुणी पिईना, तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारला. तर पुढच्या वर्षी तेच व्यापारी परत दारात, तसलाच द्या म्हणून. तेव्हापासून मुद्दाम धुरी देऊन करतात. खरंखोटं माहीत नाही, पण तिकडं असं सांगतात.

"मंग तुमच्यावानीच हायेत की ते यापारी," वहिनी म्हणाली. दादा बाजेवर पडल्या पडल्या हसला. मीही हसलो. ती सुपाकडं बघत राहिली.

"तितल्या बायका खोकत आसतील का वो?"

पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. गॅसच्या शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचे ताजे डाग होते. बाजूला सकाळच्या भाताचं पातेलं, बूड लखलखीत. चूल सारवलेली, तिच्यात फक्त आताच्या माझ्या चहापुरता विस्तव. कोनाड्यात दम्याचा पंप.

"वहिनी, गॅस वापरात आहे?"

"व्हय की. डाक्टरनं चूल बंद केलीय ना माजी. तुमी आल्यावर तेवडी पेटवती. ग्यासवरचा पानचट लागतो म्हनून तुमीच म्हनला हुता."

म्हणालो होतो. गॅस आला त्या दिवाळीला, हसत हसत.

निदान त्या दिवशी तरी मी कप खाली ठेवायला हवा होता. एवढ्या मायेनं केलेला चहा कसा नाकारायचा, असं म्हणत शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. पोळ्याला गेलो तेव्हा तिनं पुन्हा चूल पेटवली. मी पाहत होतो. तिला बरं वाटतं, अशी समजूत घातली. खरं एवढंच की मला तो चहा हवा होता.

थंडीत तिचा दम वाढला. नगरच्या दवाखान्यात छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "बाई विडी ओढायच्या का?" दादा कळवळून म्हणाला, "न्हाई वो सायेब, कदी सुपारी बी खाल्ली न्हाई तिनं." मी शेजारीच उभा होतो.

ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून वहिनीनं मला विचारलं, "त्या चिनी चहाचा वास गेला का?" उन्हं देऊन तिनं तो स्टीलच्या डब्यात भरून मला परत दिला होता.

"गेला, वहिनी." गेला नव्हता. त्यानंतर दोन दिवसांत ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दादानं विचारलं, "च्या घेशील?" मी हो म्हणालो. जरा वेळानं पाहिलं तर गॅस हाताशी असताना तो चुलीपुढं उकिडवा बसून तुराट्या मोडत होता.

"दादा, हे काय करतोस?"

"तुला ग्यासवरचा ग्वाड लागत न्हाई ना. ती सांगून गेलीय."

त्यानं काडी ओढली. तुराट्या सादळलेल्या होत्या. धूर दाटला, दादानं फुंकणी उचलली आणि पहिल्याच फुंकरीला त्याला ठसका लागला. मी फुंकणी त्याच्या हातातून काढून घेतली.

"गॅसवर ठेव, दादा," मी म्हणालो. म्हणायला काहीच जड गेलं नाही.